तुझ्या हातची माझी वही

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं

प्रिय चिंगे,

समोर शिकंज्यात चाळीस वह्या दाबून ठेवल्या आहेत. खळ ओली आहे, सहा वाजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मालक कापायच्या मशीनचं पातं घेऊन धारवाल्याकडे गेले आहेत, म्हणजे माझ्या हातात दोन तास पन्नास मिनिटं आहेत. टेबलाचा एक कोपरा मी आधी ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या, आणि हात दोनदा धुतले. मागच्या खेपेला पत्राच्या कडेला खळीचा अंगठा उमटला होता आणि तू उलट टपाली विचारलं होतंस, "दादा, शेवटी अंगठाच दिलास ना?" आईला ते सांगितलं तर ती पोट धरून हसली. मीही हसलो. आज लिहितोय ते फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं वाक्य तूच पुरं करतेस, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चांगलं करतेस. मग मी 'हो, तेच' म्हणतो आणि सांगायचं ते राहून जातं.

आधी घरचं. आईनं नवा चष्मा केला. काजं करताना आता तिला सुईचं नाक दिसतं, पण घरातली धूळही दिसते, त्यामुळे चष्मा तिचा आणि शिक्षा मला अशी गत आहे. बाबांचा गुडघा तसाच. जिना उतरताना ते पायरीगणिक एक शिवी देतात. पायऱ्या एकोणीस आहेत, आणि एकही शिवी दुसऱ्यांदा येत नाही, असं खालचे शिंपीकाका सांगतात. ते म्हणे मोजत बसतात. दोघंही तुझी वाट बघतात आणि दोघंही तसं म्हणत नाहीत.

तुझं पत्र एकोणतीस जानेवारीला मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पुढे येईल. त्यातली ती तिसऱ्या बाकावरची दहा वर्षांची मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. पाण्याचा पंप कसा चालतो हे तिनं सगळ्या वर्गाला हातवारे करून असं समजावलं की तूही थक्क झालीस, आणि तेच लिहायला सांगितलं तर अर्ध्या तासात दीड ओळ. फळ्यावरून शब्द उतरवते तेव्हा मधलं एखादं अक्षर गळतं, म्हणून पोरं तिला 'गळकी' म्हणतात. वाचनाच्या तासाला तिचं पोट दुखतं. तू लिहिलंस की ती हुशार आहे, म्हणूनच तुला तिचा जास्त राग येतो. जमत नाही असं नाही, मनातच आणत नाही. महिनाअखेर तुला तिच्या प्रगतिपत्रकावर शेरा लिहायचा आहे, आणि 'एक वर्ष मागे बसवावे' असं लिहायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस. तुझ्या मोठ्या बाईंनी अशा मुलांसाठी शिक्षकांचं जे प्रशिक्षण असतं त्याला जा म्हणून सांगितलं, सहा शनिवार, तर तू नाही म्हणालीस. तुझे शब्द मी जसेच्या तसे उतरवतो: 'एका मुलीसाठी सहा शनिवार कोण घालवणार? आणि दादा, मुलांवर माया असली की पुरे. मायेचं कुठे प्रशिक्षण असतं का?'

चिंगे, त्या प्रशिक्षणाचं पुस्तक आमच्याकडेच बांधलं गेलं. साडेतीनशे प्रती. तुला माहीत आहे, पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्यापेक्षा थोडी खाली. सगळे फर्मे ओळीनं लागले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. मी पानांचे आकडे कधीच बघत नाही, जिना बघतो. तेरा वर्षांत माझा जिना चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. एका प्रतीचा तिसरा फर्मा उचलताना तो उघडला गेला आणि आत एका मुलाच्या वहीचं पान छापलेलं होतं. 'सूर्य'चा 'सुय्र' झालेला. 'विहीर'ची 'वीहिर'. पंचवीस लिहायला सांगितलं तर ५२, कारण तोंडानं आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, मग लिहिताना दोन आधी का, हे त्या पोराला कोणी सांगितलंच नसणार. खाली चार शब्दांचं वाक्य होतं. 'हे मूल आळशी नाही.' मी तिथेच उभा राहिलो, आणि मग चौथा फर्मा उलटा लावून मोकळा झालो. मालकांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ती बिघडलेली प्रत मी मागून घेतली.

मला क्षणभर वाटलं, हे पान माझ्या वहीचं आहे. मग आठवलं की माझ्या वहीत असलं काही नव्हतंच. माझी वही तू लिहायचीस.

मी तिसरीत एकदा आणि सहावीत एकदा नापास झालो, आणि दोन वर्षांनी धाकटी तू सहावीला येऊन माझ्याच बाकावर बसलीस. पहिल्या आठवड्यातच तू काहीएक न बोलता माझी वही ओढून घेतलीस. तेव्हापासून तुझी दोन अक्षरं झाली. एक तुझं, उभं आणि गोल. दुसरं माझं, जरा डावीकडे कललेलं, टिंबं जोरात दिलेली. गृहपाठ खरा वाटावा म्हणून तू मधूनमधून चुकाही घालायचीस. मला तेव्हासुद्धा त्याचं हसू यायचं, कारण त्या चुका माझ्या नव्हत्या. शहाण्या मुलीनं विचार करून केलेल्या चुका होत्या त्या. माझ्यासारखं चुकणं तुला कधी जमलं नाही. संध्याकाळी जिन्यात बसून तू मला धडा दोनदा वाचून दाखवायचीस, मी ऐकून पाठ करायचो, आणि दुसऱ्या दिवशी वही समोर धरून वाचल्यासारखं घडाघडा म्हणायचो. पान कधी उलटायचं ते तू बाकाखालून पायानं सांगायचीस. मास्तर म्हणायचे, बहीण वर्गात आली आणि गडी सुधारला.

शाळा का सोडली हे मी तुला कधी खरं सांगितलं नाही. पुस्तकं बांधायला आवडतात म्हणून सोडली, असं सांगितलं होतं. झालं असं, की सातवीत तुला ताप आला होता. निबंध तू आदल्या दिवशी लिहून ठेवला होतास, पण वाचून दाखवायचा राहिला. मास्तरांनी नेमकं मलाच उभं केलं. मी वही धरली आणि मनानंच काहीतरी बोलू लागलो. ते जवळ आले, वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काय रे, स्वतःचं अक्षर स्वतःला वाचता येत नाही?" वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांनी वर्षभर शाळा सुटल्यावर मला फुकट शिकवलं होतं, स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला दिलं होतं. त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करतोय. खुर्चीवर बसून ते एवढंच म्हणाले, "मी याच्यावर एक वर्ष घालवलं." त्यांनी मला मारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो. ते वाक्य ऐकल्यावर जायला तोंडच राहिलं नाही. मास्तर वाईट नव्हते गं. त्यांच्याजवळ माया होती, वेळ होता, डबाही होता. आपल्यासमोर काय बसलंय हे ओळखायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता तू विचारशील, मग पत्रं कशी लिहितोस, तीही इतकी शुद्ध? तुझ्या आधीच्या पत्रांत तू हे दोनदा विचारलं होतंस आणि दोन्ही वेळा मी दुसरंच काही लिहिलं. तर ऐक.

मी वीस वर्षांचा असताना एक बाई काठी टेकत फाटका शब्दकोश बांधायला घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका. मी पावतीवर लिहिलं, 'शद्बकोश'. त्यांनी पावती पाहिली, मग मला. शाळा किती झाली, विचारलं. मी म्हटलं, सहावी पास. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?" जणू मी कुठेतरी ठेवून विसरलेली पिशवी आहे. दर गुरुवारी दोन ते तीन, जेवणाच्या सुट्टीत, मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. दोन वर्षं. मालकांना सांगितलं होतं दात दुखतो. मालक म्हणायचे, याच्या तोंडात दात आहेत का कंगवा?

बाई तुझ्याहून मायाळू नव्हत्या. खरं सांगायचं तर चांगल्याच खडूस होत्या. दोन मिनिटं उशीर झाला तर दार उघडायच्या नाहीत. दोन वर्षांत एकदाही पाठीवर हात ठेवला नाही. पण त्यांना येत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वाचायला सांगितलंच नाही. शब्द बोलायला सांगितला आणि त्यात किती आवाज आहेत ते बोटानं टेबलावर वाजवायला लावलं. मग ताटात वाळू पसरून एकेक अक्षर मोठं काढायचं, काढताना तोंडानं म्हणायचं. मग पुठ्ठ्याचे तुकडे. ते मी आमच्या कातरणातूनच नेले, व्यंजनं करड्या पुठ्ठ्याची, वेलांट्या लाल. माझी सगळ्यात मोठी वैरीण पहिली वेलांटी. 'कि' म्हणताना तोंडातून क आधी निघतो, पण कागदावर वेलांटी आधी काढायची. लहानपणी मी थांबायचो, कुणाचं खरं मानायचं, कानाचं की डोळ्याचं? बाई म्हणाल्या, "ही आगाऊ पाहुणी आहे. बोलवायच्या आधी येऊन बसते. तिला बसू दे, बोलायला लावू नकोस." मी हसलो, आणि त्या दिवसापासून ती बसते. र चं मात्र अजून जमत नाही. एकच र, पण सूर्यात डोक्यावर, चंद्रात पायाशी, राष्ट्रात टोपी उलटी घालून. आणि ज्यानं 'ऱ्हस्व' हा शब्द काढला त्याला माझ्यासारख्यांवर सूडच घ्यायचा असणार.

लोकांना वाटतं अशा माणसाला अक्षरं उलटी दिसतात. मला सरळच दिसतात. पण खूण आणि आवाज यांची जी गाठ तुझ्या मनात आपोआप बसते, ती माझ्या मनात बसत नाही, दर वेळी हातानं मारावी लागते. दुसऱ्या दिवशी ती सुटलेली असते. मग पुन्हा मारायची. म्हणून एखादा शब्द मला काल आला आणि आज आला नाही, असं होतं. मास्तरांना तेच खोटं वाटायचं. तुलाही त्या मुलीबद्दल तेच वाटतंय. 'काल तर बरोबर लिहिलं होतंस' असं तू तिला म्हणालीस ना? ती खरंच काल शिकली होती, चिंगे. आणि आज खरंच तिच्याजवळ ते नव्हतं.

एक गोष्ट बाईंनी सांगितली ती मी कुणाला बोललो नाही. त्यांनी हे प्रशिक्षण घेतलं तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. त्याआधी तीस वर्षं शिकवून झालं होतं. घरी आल्यावर त्या जुन्या मुलांची नावं बोटांवर मोजू लागल्या. हा आळशी नव्हता, ती उद्धट नव्हती, तो मुद्दाम पाणी सांडून वर्गाबाहेर जायचा तो वाचन टाळायला. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. मला शिकवतानाही मधूनच त्या एखादं नाव घ्यायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. तू पंचवीस वर्षांची आहेस. तुझं शिकवायला लागून दुसरं वर्ष आहे. तुझी बोटं अजून मोकळी आहेत.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला भीती वाटते, कारण तू रडशील. माझ्यावर तुझ्याइतकी माया कुणीच केली नाही. आईनंही नाही, तिला काजांमधून वेळ नव्हता. पण तुझ्या मायेनं माझी वही भरली, मला वाचता आलं नाही. तू मला लपवलंस, आणि इतकं छान लपवलंस की कुणाला मी सापडलोच नाही. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, तुझा त्यात काडीचा दोष नाही. वही ओढली नसतीस तर मी सहावीही पास झालो नसतो, आणि तुझा पाय बाकाखाली होता म्हणून मी दोन वर्षं शाळेत श्वास घेऊ शकलो. पण आता तू अकरा वर्षांची नाहीस. माया पुरे असती तर ती तुझ्याकडून मला पुरली असती. मला अडलं ते हे शिकवता येणाऱ्या माणसावाचून, आणि असा माणूस कुठून आकाशातून पडत नाही. त्याला कुणीतरी सहा शनिवार बसवून शिकवावं लागतं. मला पुस्तक बांधायला शिकायला चार वर्षं लागली. मला पुस्तकं कितीही आवडत असली, तरी नुसत्या आवडीवर मालकांनी मला कात्री हातात दिली नाही. पोरांच्या बाबतीतच आपण असं का मानतो की आवड असली की हात आपोआप वळतो?

तेवढ्यापुरतं, शनिवार सुरू होईपर्यंत: तिला अचानक मोठ्यानं वाचायला उभं करू नकोस. पंप तोंडी सांगितला तर त्याचे गुण तोंडीच दे, विज्ञानाच्या उत्तरात वेलांटीचे गुण कापू नकोस. फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ दे, किंवा लिहिलेला कागदच दे. 'गळकी' बंद कर. आणि चूक झालेला शब्द शंभरदा लिहायला लावू नकोस, मी लिहिलेत, शंभराव्यालाही तो चुकतोच आणि हात तेवढा दुखतो. बाकी मला येत नाही. मी एक अडलेला माणूस आहे, शिक्षक नाही. मला काय झालं एवढंच मी सांगू शकतो. तिला काय झालंय आणि त्यावर काय करायचं, ते तुला त्या शनिवारांतच कळेल. एक वर्ष मागे बसवलं तर ती तेच पुस्तक तसंच अडखळत पुन्हा वाचेल, फक्त आजूबाजूची मुलं लहान असतील. मी दोनदा मागे बसलोय. मागे काही ठेवलेलं नसतं.

हे सगळं मी कदाचित अजूनही लिहिलं नसतं. गेली तेरा वर्षं नाही लिहिलं, आणखी तेरा गेली असती. पण तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, तू लिहिलं आहेस की माझं दिवाणखान्याच्या रंगकामाबद्दलचं पत्र तू वर्गाच्या भिंतीवर लावलंस. त्या मुलीला पत्रासमोर उभं केलंस आणि सांगितलंस, 'हा माझा दादा. सातवीत शाळा सोडली. तोही आधी आळशीच होता, पण मनात आणलं आणि बघ, एक चूक सापडते का.' तिनं सगळं पत्र शोधलं आणि चूक सापडली नाही, म्हणून ती रडली, असं तू लिहिलंस. तुला वाटलं, तिला पश्चात्ताप झाला. चिंगे, ते पत्र मी नऊ दिवस लिहीत होतो. तुझं हे पत्र वाचायलाच मला चार दिवस लागले, आणि शेवटचं पान चौथ्या दिवशी आलं. दर पत्राच्या मी तीन-चार प्रती करतो, एकेक शब्द कोशात बघून, आणि आधीच्या प्रती आमच्या खळीच्या चुलीत घालतो. तू पाहिली ती नेहमी शेवटची प्रत. या पत्राच्या डोक्यावरची तारीख आणि वेळ पहिल्या प्रतीची आहे, तशीच ठेवली. ती पहिली प्रत मी या वेळी जाळलेली नाही, सोबत जोडली आहे. अशी पहिली प्रत मी आजवर कुणाला दाखवलेली नाही, बाई सोडून. तिचं फक्त पहिलं पान, आईच्या चष्म्याचं, त्या भिंतीवर त्या पत्राच्या शेजारी लाव, आणि त्या मुलीला पुन्हा उभं कर, पण या वेळी तू तिच्या शेजारी उभी राहा. तिला सांग, दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत आणि दोन्ही वेळा त्यानं मनापासूनच लिहिलं होतं. मग महिनाअखेरचा शेरा लिही. तू जो लिहिशील तो मी मान्य करेन, पण तो त्यानंतर लिही.

तुझाच,
तुझ्याच बाकावरचा दादा

सुरुवात मंगळवार, ११ फेब्रुवारी. शेवट सोमवार, १७ फेब्रुवारी. प्रती चार. तास एकोणीस, त्यातले सहा मालकांच्या वेळेतले, ते मी रविवारी भरून दिले. कोश उघडला दोनशे सात वेळा. पहिल्या प्रतीतल्या चुका मोजल्या नाहीत.